वानखडे मास्तरांचे थांबे

आमच्या कारखान्यात दोन मशिनी होत्या आणि वानखडे मास्तर त्या दोघींशी दोन वेगवेगळ्या मराठीत बोलत.

जुनीशी बोलताना त्यांचा एक हात कमरेवर असे. "काऊन वं, अटकली काय? चाल ना लवकर! का हळदीकुंकवाले जायचं हाय तुले?" मग सहा पावलं चालून ते नवीसमोर उभे राहत, सदऱ्याचं वरचं बटन लावत, घसा साफ करत आणि म्हणत, "जरा पुढे सरकता का आपण? नाही नाही, घाई मुळीच नाही. आपल्या सोयीनं." आणि त्यातला 'आपण'मधला ण असा काही ठासून म्हणत, की जणू तो कोणी परत मागायला येणार आहे.

मी तिथे स्टोअरकीपर होतो. चिखलीच्या बाहेर, माळावर आमचा कारखाना. तिथे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गिरण्यांना लागणारे शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, तयार होत. नटबोल्ट मोजून देणं एवढंच माझं काम, आणि माझ्या खिडकीतून अख्खा कारखाना दिसे. नाटकाच्या पहिल्या रांगेत बसायचा पगार मिळणारा दुसरा माणूस त्या काळी जिल्ह्यात असेल असं मला वाटत नाही.

ज्यांनी अशी मशीन पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी लोखंडाचा दांडा कापायचा तर माणूस चाकं फिरवून कापी. ही मशीन लिहून दिलेली आकडे-अक्षरं वाचते आणि त्याबरहुकूम स्वतःच कापते. वाचणारा जो तिचा मेंदू, त्याला म्हणायचं कंट्रोल, आणि लिहून द्यायचं काम मास्तरांचं. जुनीला ते कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यावं लागे. नवीला हिरव्या अक्षरांचा पडदा होता. मौज अशी, की दोघींची कंट्रोलं वेगळ्या कंपन्यांची. अक्षरं तीच, पण अर्थ निराळे. जुनीला 'पंचवीस' सांगितलं तर ती मध्यापासून पंचवीस धरी, म्हणजे शाफ्ट पन्नास जाडीचा. नवी पंचवीस म्हणजे सगळी जाडीच पंचवीस समजे. जुनीला 'दोन थांब' म्हटलं तर ती दोन सेकंद थांबे. नवी सेकंदाचा हजारावा भाग धरी आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे जाई.

"सांगतलं म्हणजे समजलं असं नसते," मास्तर म्हणत. "कंट्रोल पाहून बोलावं!"

हे तत्त्व त्यांनी कारखान्यात ठेवलं असतं तर ठीक होतं. ते त्यांनी साऱ्या बुलढाणा जिल्ह्याला लावलं. आमचा चहावाला 'कमी साखर' म्हटलं की दोन चमचे टाकी. मास्तर त्याला म्हणत, "एक बिनसाखरेचा." चहा बरोबर कमी साखरेचा येई. "त्याच्या कंट्रोलात शून्य म्हणजे एक चमचा," ते मला समजावत. धाड गावचा जीपवाला "आत्ता निघू" म्हणाला, की मास्तर शांतपणे दाढी करायला जात. त्या जीपवाल्याच्या 'आत्ता'चं एकक त्यांनी कित्येक फेऱ्यांत ठरवलं होतं. एकदा एस.टी.च्या कंडक्टरनं "पुढे सरका" म्हटलं, तर ह्यांनी विचारलं, "आहे तिथून पुढे, का मूळ बिंदूपासून पुढे?" कंडक्टरनं त्यांना मेहकर फाट्यावर उतरवलं. तिथून चालत आले, पण त्या कंडक्टरवर राग नव्हता. "प्रश्न बरोबर होता," म्हणाले, "मशीन जुनी होती."

मास्तर एकटे राहत. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरी काय करता असं विचारलं तर म्हणत, "घरी काय, सकाळी घर बंद करून येतो, रात्री घर उघडून आत जातो."

कारखान्यात मात्र त्यांचं एक हक्काचं भांडण होतं. त्या भांडणाचं नाव महादू.

महादू धाडचा. जुन्या मशीनवर तिच्या पहिल्या दिवसापासून तोच. इंग्रजी अक्षर ओळखत नव्हता, पण मशीनचा आवाज बदलला की जेवता जेवता उठे. घरची भाजीची शेती भावांच्या हाती. हा रोज एस.टी.नं ये-जा करी, आणि येताना आणलेली वांगी कारखान्यात विके, मास्तरांना सोडून. मास्तरांना तो ती फुकट देई, पण शिव्या देऊन.

जुन्या मशीनची एक खोड होती. एक टूल, म्हणजे कापायचं हत्यार, कापून झालं की ती थांबे. पुढचं टूल माणसानं हातानं फिरवून द्यायचं, हिरवं बटन दाबायचं, मग ती पुढे चाले. चालू मशीनवर महादू कोणाशी एक अक्षर बोलत नसे. नजर दांड्यावर, तोंड शिवलेलं. मशीन थांबली की मात्र तोंड सुटे.

"ओ मास्तर! हे काय लिहून ठेवलं? गावभर फिरून राह्यली ना बाई! सरळ येऊ द्या ना तिले!"

"तुले काय समजते बे? वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडणं नव्हे हे!"

"वांग्याचं नाव काढू नका. काल नेले ते खाल्ले का नाही?"

"खाल्ले. बियाच बिया!"

"मंग आज नका नेऊ!"

"काऊन नको नेऊ? ठेव तिथं!"

बटन दाबलं की पुन्हा चिडीचूप. पुढच्या थांब्यावर वाद होता तिथून पुढे सुरू. एखाद्या शाफ्टला पाच टुलं लागली तर पाच अंकी नाटक व्हायचं. मी खिडकीत.

अशात आमच्या मालकांनी, भाऊसाहेबांनी, जाहीर केलं की दसऱ्याला जुनी मशीन विकायची. जळगाव जामोदचं एक गिऱ्हाईक तयार होतं. तोवर मास्तरांनी तिची सगळी कामं नवीच्या भाषेत उतरवून द्यायची.

"अन् महादू?" मी विचारलं.

"त्यानं चालवून दाखवली नवी, तर राहील. नाही तर आपल्या धाड गावात बरा हाय. वांगे लावील."

भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांना वाटे की वांगी लावायला जमीन लागत नाही.

महादूला नवीवर उभं केलं. ती टूल आपलं आपण बदले, थांबायचं नावच नाही. एक कापून दुसरं, दुसरं संपायच्या आत तिसरं वळून हजर. महादूचा हात सवयीनं टुलाकडे जाई, आणि तिथे टूल स्वतःच गरकन फिरलेलं दिसलं की तो दचकून लाल बटन दाबे. लाल बटन म्हणजे सगळंच बंद. पुन्हा मूळ पदावर आणा, पुन्हा सुरू करा, पुन्हा लाल बटन. चौथ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"साहेब, हे बाई श्वासच घेत नाही. कुठं पाहू, कधी पाहू? भावाइच्या दारात जाऊन बसू का आता ह्या वयात? ते म्हनतीन बस, पन वहिन्या?"

मास्तर जवळच उभे होते. "बस म्हणतील तर बसावं," म्हणाले. "निदान तिथं बटनं नाहीत."

मला त्यांचा भयंकर राग आला. महादू तिथून निघून गेला.

इकडे उतरवण्याचं काम रेंगाळू लागलं. मास्तर सकाळी पडद्यासमोर बसत, "आपली परवानगी असेल तर" म्हणून दोन ओळी लिहीत आणि दुपारी त्या पुसत. भाऊसाहेबांचा धीर सुटला. "आकडे तेच हायेत ना? मंग तेच टाका! त्यात उतरवायचं काय? ज्ञानेश्वरी हाय का?" असं म्हणून त्यांनी मास्तर जेवायला गेलेले असताना जुन्या पट्टीवरचे आकडे कारकुनाकडून जसेच्या तसे नवीत टाकून घेतले आणि स्वतः बटन दाबलं. नवीनं पन्नासाच्या दांड्यात पंचवीसचा अर्थ काढला. असा आवाज झाला की चहावाल्यानं किटली सोडून पळ काढला. मोडलेल्या टुलाचा तुकडा भाऊसाहेबांच्या टोपीवरून जाऊन पत्र्याला भोक पाडून गेला.

मास्तर भाकरी हातात घेऊन आले. आधी मशीनपाशी गेले. "लागलं का आपल्याला?" मग भाऊसाहेबांकडे वळून तेच विचारलं, पण 'आपल्याला' न म्हणता.

त्यानंतर भाऊसाहेबांनी मास्तरांना कामात कधी टोकलं नाही. फक्त पुण्याहून नवीच्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. त्याच्यासमोर महादूनं शाफ्ट काढून दाखवायचा, जमलं तर जमलं.

इंजिनिअरचं नाव लिमये. पोरसवदा, हुशार, आणि मास्तरांच्या दोन मराठींपैकी दुसरीच्या माहेरचा. मास्तरांनी त्याला जुन्या मशीनसारखं "या ना बे" केलं, ते का कोणास ठाऊक. बहुधा एका वेळी एकालाच मान द्यायचा नियम असावा.

महादू नवीपुढे उभा राहिला. तिच्यात मास्तरांनी तोवर उतरवून ठेवलेलं काम होतं. अंगात धुतलेला सदरा होता. हात लाल बटनाच्या इतके जवळ होते की मला बघवेना. त्यानं हिरवं दाबलं. दांडा थंड ठेवणारं पांढरं पाणी उडालं, दांडा फिरला, पहिलं टूल कापत गेलं, मागे आलं, आणि मशीन थांबली.

बिघडली, असं सगळ्यांनाच वाटलं. पण पडद्यावर सारं ठीक होतं. महादूनं इकडे तिकडे पाहिलं. मग हुकानं लोखंडाचा कीस ओढून काढला, फडक्यानं दांडा पुसला, जाडी मोजायचा गेज लावून पाहिला, मान हलवली आणि हिरवं बटन दाबलं. दुसरं टूल स्वतःच फिरून आलं, कापून गेलं. पुन्हा थांबा. प्रत्येक टुलाला एक थांबा, जुनीला होता तसाच. तिसऱ्या थांब्याला महादूचे खांदे खाली आले. शेवटचं टूल होईतो तो जिभेनं दात कोरत उभा होता. शाफ्ट निघाला. लिमयेनं मोजला. केसभरही चूक नव्हती.

लिमयेनं पडद्यावरचं सगळं वाचलं आणि मास्तरांकडे वळला. "उत्तम उतरवलंय. पण हे मधले थांबे कशासाठी? जुन्या कंट्रोलला लागत असतील. इथे टूल आपोआप बदलतं. प्रत्येक जॉबमागे वेळ फुकट जातो."

भाऊसाहेबांनी कान टवकारले. "काढून टाका मंग!"

आणि मास्तरांनी जे व्याख्यान दिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, चिखलीचं पाणी जड आहे. जड पाण्यात लोखंडाचा कीस लांब निघतो. लांब कीस टुलाला वेढे घालतो. वेढे न काढता पुढे गेलं तर शाफ्टला अदृश्य पीळ पडतो, आणि तो सरकी लागली की उघडा पडतो. पुण्याकडे पाणी हलकं, म्हणून पुण्याच्या पुस्तकात हे नाही. हे सगळं त्यांनी शुद्ध मराठीत, एकही ण न गाळता सांगितलं.

लिमये ऐकत राहिला. मग त्यानं फडक्यानं हात पुसणाऱ्या महादूकडे पाहिलं. महादूचे हात आता लाल बटनापासून चांगले लांब होते. लिमयेनं पुन्हा मास्तरांकडे पाहिलं.

"बरोबर आहे," तो भाऊसाहेबांना गंभीरपणे म्हणाला. "इथल्या पाण्याला थांबे लागतील. राहू द्या."

जुनी मशीन दसऱ्याच्या आधी ट्रकवर चढली. मास्तर तिच्यासाठी काहीतरी नाटक करतील म्हणून आम्ही जमलो होतो. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी मी त्यांना गाठलं. "मास्तर, ते पाण्याचं खरं का हो?"

"पाण्याले काय झालं? चांगलं गोड पाणी आहे."

"म्हणजे महादूसाठी केलं तुम्ही. मग त्या दिवशी त्याला तसं लागेल असं का बोललात?"

ते जेवणाच्या डब्याचं झाकण लावत बसले. ते काही केल्या बसेना.

"त्याच्यासाठी कशाले?" शेवटी म्हणाले. "चालू मशीनवर तो माणूस तोंड उघडत नाही. बिनथांब्याची मशीन त्याले दिली असती, तर त्याची नोकरी राह्यली असती हो कशी तरी, शिकला असता. पण मग दिवसभर..." झाकण पुन्हा निसटलं. "घरी रेडिओ आहे माझ्याकडे. तो उत्तर देत नाही."

तेवढ्यात आत मशीन थांबली आणि महादूचा आवाज आला. "ओ मास्तर! मेले का जिते हाय? ह्या बाईले इतक्या दुरून काऊन आनता तुम्ही?"

"तुले काय समजते बे!" मास्तर ओरडले. चेहरा त्यांनी चांगला उग्र केला होता. पण डबा उघडाच टाकून ते आत गेले, तेव्हा जवळजवळ पळत होते.