सबनीसकाकांच्या गाडीची हिवाळी झोप

आमच्या बिल्डिंगमधले सबनीसकाका दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या गाडीला झोपवतात. अंगाई तेवढी म्हणत नाहीत, बाकी सगळं करतात. आधी आंघोळ घालतात, मग कोरडं पुसतात. टायरमध्ये जास्तीची हवा भरतात, वायपरना स्वतःचे जुने मोजे चढवतात, सीटखाली डांबरगोळ्या ठेवतात. बॉनेटवर पुण्याहून आणलेली गोधडी पसरतात आणि वरून कव्हर ओढून तीन नाड्यांनी बांधतात. शेवटी बॅटरी काढून, दोन्ही हातांनी छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावर घेऊन जातात. लिफ्टमध्ये कोणी भेटलंच तर दबक्या आवाजात सांगतात, "बाईसाहेब झोपल्या."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला टोकियोतल्या निशी-कसाईत येऊन जेमतेम महिना झाला होता. काका तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि लिफ्टचं दार लागल्याबरोबर नितीन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अगं, यांची बायको तर मागच्याच आठवड्यात पुण्याला गेली ना?" नितीन माझा नवरा. त्याला दुसऱ्यांच्या घरातलं काही लक्षात राहत नाही असं तो सांगतो. आम्ही दोघं रात्री जेवेपर्यंत त्या बाईसाहेबांचाच विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये काकांच्या गाडीच्या कव्हरखालून गोधडीचा कोपरा दिसला आणि उलगडा झाला. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशाच झाली.

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी तिशीच्या आसपासची, कॉम्प्युटरची जावा भाषा शिकून आलेली मंडळी. काका एकटेच पंचावन्नचे, मेनफ्रेमवाले, म्हणजे जुन्या अवाढव्य कॉम्प्युटरांवर काम करणारे. टोकियोतल्या कुठल्याशा बँकेचा एक म्हातारा प्रोग्रॅम होता, तो म्हणे फक्त काकांचंच ऐकायचा. त्याच्या जिवावर काका सहा वर्षं जपानात टिकून होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी गाडी घेतली. दोन दारांची, पिटुकली, कैरीच्या रंगाची, आणि घेतली तेव्हाच पंधरा वर्षांची. जपानात गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा आहे हे पोलिसांना दाखवावं लागतं. पोलीस टेप घेऊन मोजायला आला, तर काकांनी त्याच्या हातात मिलिमीटरपर्यंत काढलेला नकाशा ठेवला. काकूंनी वेलदोड्याचा चहा दिला. पोलिसाने तो उभ्याउभ्या घेतला आणि तीनदा वाकून गेला, असं काकू सांगायच्या.

काकू म्हणजे मंगलकाकू. गुढीपाडव्याच्या सुमाराला यायच्या आणि दिवाळीच्या आत परत जायच्या. त्यांना दमा, इथली थंडी सोसणार नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या असल्या की दर रविवारी कैरी रस्त्यावर. काका चालवणार आणि काकू डावीकडे बसून रस्ता सांगणार. काकूंना जपानी वाचता येत नव्हतं, पण रस्ते पाठ. "त्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीपाशी वळा" अशा पद्धतीने त्यांनी काकांना शेजारच्या उरायासु गावाच्या पलीकडेसुद्धा नेऊन आणलं होतं.

आता प्रश्न असा की टोकियोत गाडी झोपवायची गरजच काय? इथला हिवाळा म्हणजे निळंशार आकाश आणि दोन तासांत वाळणारे कपडे. बर्फ पडला तर एखाददुसऱ्या वेळी, तोही दुपारपर्यंत टिकत नाही. पण काकांच्या ऑफिसात पार उत्तरेकडच्या होक्काइदोचे एक सातो-सान होते ('सान' म्हणजे आपलं 'साहेब'). त्यांच्या गावी सहा सहा फूट बर्फ, त्यामुळे तिकडचे हौशी लोक आपल्या लाडक्या गाड्या हिवाळाभर बंद करून ठेवतात. तिकडे त्याला 'तोमिन' म्हणतात, म्हणजे अस्वलं काढतात ती हिवाळी झोप. काकांनी सातो-सानना समोर बसवून सगळे नियम उतरवून घेतले आणि कडक ऊन पडणाऱ्या आमच्या पार्किंगला लागू केले.

यावर नितीनचं आणि काकांचं दर थंडीत वाजायचं.

"काका, गाडी म्हणजे काय लोणचं आहे का मुरवायला? रोज पळवली तर चांगली राहते. बंद ठेवलेलं इंजिन गंजतं."

"नितीन, नोट कर. यंत्राला मन असतं. मॅन्युअलमध्ये लिहीत नाहीत एवढंच."

"मग त्या मनाला विचारा तरी, फिरायला यायचंय का म्हणून!"

"झोपलेल्या माणसाला उठवून विचारत नाहीत, झोपायचंय का म्हणून."

असं काही बोलले की काका चष्मा पुसायला घेत. म्हणजे विषय संपला.

पार्किंगची जागा ओनो-सान नावाच्या आजोबांची. वय अठ्ठ्याहत्तर. स्वतः एक पांढरा टेम्पो पावसापाण्यात, बर्फात, रोज पहाटे काढायचे. काका नाड्या बांधत असले की ते शेजारी येऊन उभे राहत, मान डोलवत आणि "सोऽऽ देसु ने" म्हणत. "असं आहे होय" याचा तो जपानी अवतार. ते काकांशी सहमत आहेत अशी काकांची पक्की समजूत होती. मी कोनबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम कामाला लागल्यावर दिवसातून शंभरदा ते वाक्य ऐकलं, तेव्हा कळलं की तो नुसता सभ्यपणाचा हुंकार असतो, आणि ओनो-सानना हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटत होता.

मग तो शेवटचा हिवाळा आला. जानेवारीच्या सुरुवातीला बँकेने जुना प्रोग्रॅम मोडीत काढायचं ठरवलं. फेब्रुवारीअखेर काकांचं काम संपणार आणि ते कायमचे पुण्याला जाणार, हे नक्की झालं. गाडी नेणं शक्यच नव्हतं. ओनो-सान म्हणाले, मी सांभाळतो. काकांनी मान्य केलं, पण तोंड असं केलं, जणू पोरगी उनाड घरात दिली.

"ते तिला बर्फातसुद्धा काढतील गं मीनल," मला म्हणाले.

म्हणजे झालं काय, की गाडी दिवाळीनंतर झोपली होती, पाडव्याला उठणार होती, आणि पाडव्याच्या आधीच काका जाणार होते. इतक्या वर्षांच्या सोबतीची ती लाडकी गाडी काका आता पुन्हा चालवणारच नव्हते. सगळी बिल्डिंग त्यांच्या मागे लागली. एकदा तरी काढा, निदान समुद्रापर्यंत जाऊन या. काकांचं एकच, "नियम म्हणजे नियम." मला तर रागच आला. इतका जीव लावायचा आणि निरोपाची एक चक्कर मारायची नाही? असला कसला नियम?

संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी मी दुपारी एकच्या सुमाराला तिळगूळ द्यायला निघाले. काका घरी नव्हते, म्हणून खाली पार्किंगमध्ये गेले. कव्हरची एक नाडी सुटलेली होती. उजवीकडच्या बाजूने कव्हर वर सारलेलं होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता.

"आता सिग्नल. थांबलो. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन चाललीय. कुत्र्याने स्वेटर घातलाय, लाल. हं, सुटला सिग्नल."

मी वाकून आत पाहिलं. काका स्टिअरिंगवर एक हात ठेवून बसले होते आणि दुसऱ्या हाताने कानाशी फोन धरला होता. पुढची काच कव्हरने पूर्ण झाकलेली. गाडीला बॅटरीसुद्धा नव्हती, ती वर घरात होती.

फोनमधून काकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "डाव्या लेनला या आता. मागच्या वेळी विसरलात नि पुढे गेलात."

"आलो. ते बघ, आकाशपाळण्याचं मोठं चाक दिसायला लागलं."

"फिरतंय?"

"हळूहळू."

मागे पुण्यातल्या कुकरची शिट्टी झाली. काकू म्हणाल्या, "थांबा हं, गॅस बंद करून येते. बाजूला घेऊन उभे राहा." आणि काका खरोखरच गाडी बाजूला घेऊन उभे राहिल्यासारखे स्वस्थ बसले. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखे लालबुंद झाले.

नंतर पार्किंगच्या कट्ट्यावर तिळगूळ खाताना त्यांनी मला सगळं सांगितलं. होक्काइदो वगैरे पुढची गोष्ट. गाडी घेतली त्या पहिल्या वर्षी काकू गेल्यावर डिसेंबरात त्यांनी गाडी काढली होती. "पुलावर पोचलो. पाण्यावर बगळे उतरले होते. मी डावीकडे वळून म्हटलं, 'अगं ते बघ.' बाजूला कोणी नाही. तिथून परत आलो, गाडीवर चादर घातली आणि म्हटलं, बास. ती येईपर्यंत नाही. लोकांना सांगायला काहीतरी पाहिजे होतं, ते सातो-साननी दिलं." तेव्हापासून हिवाळ्यातल्या दर रविवारी दोघांची चक्कर अशी फोनवरच व्हायची.

काकू दिवाळीला जातात नि पाडव्याला येतात, गाडी दिवाळीला झोपते नि पाडव्याला उठते. इतकी साधी गोष्ट, पण आम्हा एवढ्या हुशार लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मला माझ्या रागाची लाज वाटली.

"पण काका," मी म्हटलं, "या वेळी काकू येणारच नाहीयेत ना. मग खरंच काढा की एकदा. फोन मी धरते."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी मुकाट्याने वर आले.

त्यानंतर महिनाभर ते या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी साडेबाराला आमची बेल वाजली. दारात काका, हातात बॅटरी. "मीनल, चल. स्वेटर घाल."

गोधडी निघाली, मोजे निघाले. ओनो-सान आपला टेम्पो पुसायचं सोडून येऊन उभे राहिले. काकांनी किल्ली फिरवली. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि ओनो-साननी चक्क टाळ्या वाजवल्या. मी मागच्या सीटवर बसले. पुढची डावी सीट काकांनी रुमालाने झटकून रिकामी ठेवली. मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि दोन सीटांच्या मधून हात लांब करून धरला.

"निघालो गं," काका नेहमीच्याच आवाजात म्हणाले.

"जपून. दुकानापाशी सायकली असतात."

काका नेहमीसारखं सांगत गेले. आता शाळा आली, आता पेट्रोलपंप. काकू हुंकार देत होत्या. समुद्राकडच्या मोठ्या रस्त्याला वळायची वेळ आली आणि काकूंचं बोलणं मध्येच थांबलं.

"अहो, हे काय वाजतंय? टिक टिक?"

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा इंडिकेटर वाजतोय," काकू म्हणाल्या. "गाडी चालू आहे? खरीखुरी?"

"हो."

"मी नसताना?"

"तू आहेस की," काका म्हणाले.

गाडी पुलावर चढली. दोन्ही बाजूंना पाणी चमकत होतं, हवा इतकी स्वच्छ की डोळे दिपत होते. मग काकूंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"कसं आहे हो बाहेर? मी तिथली थंडी कधी बघितलीच नाही."

काकांनी वाकून डावीकडची काच पूर्ण खाली केली. बर्फासारखा गार वारा भसकन आत घुसला. मी पुढे सरकले, त्या रिकाम्या सीटवरून हात लांब केला आणि फोन खिडकीपाशी नेला. पाचच मिनिटांत माझी बोटं बधिर झाली. पूल संपेपर्यंत काकू ऐकत होत्या. मी हात तसाच धरून ठेवला.