खेकड्याची आंघोळ

सुपडूभाऊंनी खेकडा घासला होता. टूथब्रशने.

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे जितेंद्र सर टाकीसमोर डोक्याला हात लावून उभे राहिले. सागरी कक्षासाठी एक खोली मिळावी म्हणून तीन वर्षं त्यांनी प्राचार्यांचे उंबरठे झिजवले होते. धुळ्यात कसला आलाय समुद्र, म्हणत प्राचार्य ती खोली जिमला द्यायला निघाले होते. शेवटी ठरलं, की आज दुपारी येणाऱ्या तपासणी समितीला खेकडा पसंत पडला, तर खोली सरांची.

खेकडा होताही तसाच. मालवणच्या समुद्रातल्या खडकांतून आणलेला, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. पाठीवर आकड्यांसारखे वाकडे केस. त्यांत शेवाळाचे न् स्पंजाचे तुकडे खोवून तो दिवसभर कपारीत असा बसायचा, की माशालाही दगडच वाटावा. ते सोंग दाखवूनच सर समितीला जिंकणार होते. आणि तीस वर्षं इमाने इतबारे शिपाईगिरी केलेल्या सुपडूभाऊंनी टाकी, दगड आणि खेकडा, तिन्ही लख्ख करून ठेवले होते. पाणी तेवढं बदललं नव्हतं, कारण पाणी बदलू नये असा कागद सरांनीच चिकटवला होता. खेकडा घासू नये, असा कागद नव्हता.

"भाऊ, ते शेवाळ म्हणजे त्याचे कपडे होते हो."

"बठ्ठी घाण व्हती, सर. समिती त्यालेच देखाले यी राहिनी ना? मंग तो दिसाले नको?"

सर चरफडत शेवाळ शोधायला बाहेर पडले. पांझरा नदीतलं चालणार नव्हतं आणि खाऱ्या पाण्यातलं धुळ्यात कुणाकडे असणार? इकडे सरांचा उतरलेला चेहरा पाहून सुपडूभाऊंना वाईट वाटलं. या कॉलेजात समिती जे जे पाहणार, त्याला हार पडतो. मागच्या वर्षी आग विझवायच्या नळकांड्यालाही पडला होता. भाऊंनी टाकीला झेंडूचा चांगला जाड हार घातला.

दुपारी सर रिकाम्या हातांनी परतले न् मागोमाग समिती आली, तेव्हा टाकीच्या तळाशी पाकळ्यांचा खच होता आणि खेकडा कुठेच नव्हता. अध्यक्षांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.

"खेकडा कुठाय?"

"यातच आहे. दिसत नाही, यातच त्याचं कौशल्य आहे, साहेब."

"आणि टाकीत नसता, तर कसा दिसला असता?"

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि एक पिवळी पाकळी आठ पायांनी चालत दगडावर येऊन बसली. सरांना त्या पाकळीचा असा संताप आला, की त्यांनी टाकीकडे पाठच फिरवली.

आठ दिवसांनी अहवाल आला. खेकडा आढळला नाही, सबब खोली जिमला द्यावी. मात्र प्रयोगशाळेची स्वच्छता अनुकरणीय असून संबंधित शिपायाचा सत्कार करावा, आणि फुलांची टाकी यापुढे त्यांच्याच ताब्यात ठेवावी.

सत्काराचा हार घालायचं काम प्राचार्यांनी जितेंद्र सरांकडेच दिलं. आता खेकड्याला खायला घालायचं असलं, की सर आधी सुपडूभाऊंकडे टाकीच्या कुलपाची किल्ली मागतात. भाऊ देतात, पण हात धुवायला लावून.