दत्तूमामांची हाक

दत्तूमामांना एका जागी बसलेलं मंगळवार पेठेत कुणी पाहिलेलं नाही. चहासुद्धा ते फेऱ्या मारत पितात. माझ्या पायरीवरचे डाग त्यांचेच, आणि पुसतो मी, दोन वर्षांपूर्वी शेजारी राहायला आलेला निवृत्त मास्तर.

देह पैलवानाचा, पण चंद्री म्हशीला हाक मारायची ती बारीक, उंच आवाजात, शेवट लांबवून, "ये गं चंद्रेऽऽ!" गल्ली हसायची, मीही हसायचो. चंद्री मात्र गर्दीतून सरळ दूधकट्ट्यावर यायची आणि मामा गिऱ्हाइकासमोर धार काढायचे.

यंदा एका आजारात त्यांचा एक स्वरतंतू लुळा पडला. आवाजाची नुसती हवा झाली. चंद्री हाकेला येईना, धार काढताना लाथा झाडू लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लुळ्या तंतूत इंजेक्शन देऊन तो फुगवता येईल. पूर्ण भूल देते, झोपेत होऊन जाईल. जागेपणी करायचं तर फक्त घसा बधिर करीन, पण हलायचं नाही, गिळायचं नाही."

"जागाच ऱ्हातो," मामा कुजबुजले.

"तुम्ही दोन मिनिटं तरी बसता का?" मी बोललोच.

"बसतो की! झोपलो तर आवाज कुठवर आला, कोन बघनार?"

बाईंनी आठ दिवस दिले आणि माझ्या मागे व्याप लागला. रोज सकाळी मामा माझ्या खुर्चीत, मी घड्याळ घेऊन समोर. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद, मग नाकावर माशी बसली. दुसऱ्या दिवशी रस्त्यातून कुणी दूध विचारलं, तर उठून चालूच पडले. तिसऱ्या दिवशी मी भडकलो, "भूल घ्या आणि गप पडा! कसला हट्ट हा?" मामा तडक घरी गेले. चौथ्या दिवशी पुन्हा हजर. "घड्याळ लावा, मास्तर." आठव्या दिवशी बारा मिनिटं बसले.

बाईंनी मलाही आत बसू दिलं. नाकातून दुर्बीण, मानेत बाहेरून सुई. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पायाचा अंगठासुद्धा हलला नाही.

"आता 'ई' म्हणा."

मामांनी 'ई' म्हटलंच नाही. "ये गं चंद्रे..." आवाज फाटला. त्यांनी बोटानं खुणावलं, अजून थोडं. बाईंनी आणखी औषध सोडलं.

"ये गं चंद्रेऽऽ!"

"बास बाई! हीच."

सुई निघाली. बाई हसल्या. "अहो, हा तर बायकी आवाज झाला."

"आमच्या बायकूचा, पारूचा हाय," मामा म्हणाले. "ती गेली तवा म्हस वैरण खाईना, कुनाकडं बघंना. मग तिची हाक मी शिकलो. न्हायतर ती आता कुठं ऐकू येनार?"

दोन वर्षं मी त्या हाकेला हसत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

"झालं, उठा आता," बाई म्हणाल्या. मामा उठले नाहीत. कुणी घड्याळ लावलेलं नसताना ते खुर्चीत तसेच बसून राहिले.