आमचं दुःख, आमचं तळं

आमच्या विमा कचेरीत सुट्टीवरून परतलेला माणूस आठवडाभर कुणाला सुखाने जेवू देत नाही. या खेपेला टायपिस्टबाई युरोपातून आल्या होत्या. त्यांच्या तिसऱ्या बर्फाच्या डोंगरावर मी डबा बंद केला आणि सांगून टाकलं, मी आफ्रिकेत चाललोय, आत्ता कुठे युद्ध थांबलेल्या देशात. देश इतका छोटा, की नकाशात त्याचं नाव समुद्रात छापलंय. ते नाव मी त्याच सकाळी पेपरात वाचलं होतं.

संध्याकाळपर्यंत साहेबांनी न मागता रजा मंजूर केली. सासूबाईंनी फोनवर रडून घेतलं. शेजाऱ्यांनी 'तिथल्या गरिबांसाठी' जुन्या कपड्यांची दोन गाठोडी दारात आणून टाकली. त्यात एका पायाचा पायजमा होता. युद्धातून सावरणाऱ्यांना तेवढा पुरेल, असा त्यांचा अंदाज असावा.

माझी सगळी भिस्त वकिलातीवर. ते व्हिसा नाकारतील आणि मी न जाताच शूर ठरेन! पण मला एकट्याला सोडायचं नाही म्हणून बायकोनेही अर्ज भरला.

खिडकीमागच्या अधिकारी बाई त्याच देशाच्या. कशासाठी जायचंय, असं त्यांनी विचारलं. मी घसा खाकरून म्हणालो, "तुमच्या शूर जनतेचं दुःख डोळ्यांनी पाहायला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आमचं दुःख आम्ही पाहुण्यांना दाखवायला मांडून ठेवलेलं नाही."

बायको मात्र ग्रंथालयातून त्या देशावरचं पुस्तक आणून वाचून आली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडे मोठं तळं आहे ना? पहाटे तिथे पक्षी उतरतात म्हणे. ते बघायचंय."

बाई त्याच तळ्याकाठी वाढलेल्या. दोघी अर्धा तास बोलल्या, मी पर्स धरून उभा. तिला व्हिसा मिळाला, मला नाही. हवं तेच झालं होतं, तरी तोंड कडू झालं.

"अहो, मग मी जाऊन येते," ती म्हणाली. आणि गेलीसुद्धा.

बायको गेली आणि मी मागे राहिलो, हे कचेरीला कसं सांगणार? पडदे ओढून घरातच बसलो. ती पाठवील ते फोटो मी कचेरीच्या ग्रुपवर टाकत होतो. तळं, पक्षी, नावेत हसणारी बायको. तुम्ही कुठेच कसे दिसत नाही, असं साहेबांनी विचारलं. फोटो मीच काढतोय ना, असं मी ऐटीत कळवलं.

लगेच टायपिस्टबाईंचं उत्तर आलं, "या शेवटच्या फोटोत तर वहिनींनीच हात लांब करून फोन धरलाय."

रजेचे अजून नऊ दिवस शिल्लक आहेत.