डुलकेसाहेबांची खुर्ची कॉलेजला जाते

सगळ्या प्रकरणाची सुरुवात डुलकेसाहेबांच्या दोन शब्दांपासून झाली. ते शब्द म्हणजे, "घेऊन जा."

(डुलके हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात असताना सहकाऱ्यांनी प्रेमाने बहाल केलेली ती पदवी होती, आणि निवृत्त होताना ती त्यांनी मानाने घरी आणली.) दुपारचं जेवण उरकून साहेब आपल्या गुबगुबीत खुर्चीत पसरले होते. वर्तमानपत्र छातीवर आलं होतं आणि झोप अगदी उंबऱ्यापर्यंत येऊन चपला काढत होती. नेमकं त्याच वेळी बायकोने विचारलं, "अहो, तुमची खुर्ची नेऊ का मी?"

"घेऊन जा," साहेब म्हणाले.

कुठे, कशाला, कधीपर्यंत, हे विचारायला माणूस जागा असावा लागतो. दुसऱ्या दिवशी जेवून हात पुसत ते दिवाणखान्यात आले, सवयीने पाठ वळवली, डोळे मिटले आणि बसले ते थेट फरशीवर.

बायको कुठल्याही वयात प्रवेश देणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात जायला लागली होती. मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर तिने तिथल्या अपहोल्स्ट्रीच्या कोर्सला, म्हणजे सोफे-खुर्च्या उसवून पुन्हा नव्याने शिवायच्या शिक्षणाला, प्रवेश घेतला. उसवण्याचा भाग आधी शिकवतात. त्यामुळे घरातला सोफा स्प्रिंगा बाहेर काढून उभा होता, जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्यांचे नुसते सांगाडे होते आणि पलंगावरची गादी "आतून कशी भरतात ते बघायला" उघडली होती. एवढ्या उलथापालथीत साहेबांची खुर्ची तेवढी शाबूत होती. आता तीही कॉलेजात गेली, शेवटच्या परीक्षेचं काम म्हणून.

साहेबांची झोप उडाली ती उडालीच. माणसं झोपेसाठी गोळ्या घेतात, पायी फिरतात, दूध पितात. साहेबांना फक्त ती खुर्ची लागत असे. स्प्रिंगांवर आडवं होऊन बघितलं, सांगाड्यात बसून बघितलं, गॅलरीत उभ्याउभ्यासुद्धा प्रयत्न केला. शेवटी सगळं जग कापसातून दिसायला लागलं. शेजाऱ्यांच्या मांजराला त्यांनी एकदा "या, बसा" म्हटलं. मांजर बसलं, पण साहेबांना बसायला जागा नव्हती.

अशाच तरंगत्या अवस्थेत एका दुपारी त्यांनी ठरवलं, की कॉलेजात जायचं आणि खुर्चीला निदान बघून यायचं. जमलं तर, कोणी नसताना, थोडंसं बसूनही.

कॉलेज म्हणजे लांबलचक बैठ्या इमारती आणि मध्ये हिरवळ. हिरवळीवर मुलंमुली पुस्तकं तोंडावर घेऊन खुशाल झोपली होती. कुणाचा पाय कुणाच्या दप्तरावर, कुणाची टोपी कुणाच्या पोटावर. पांढऱ्या केसांच्या एक आजी झाडाला टेकून गणित सोडवता सोडवता पेंगत होत्या. साहेबांना वाटलं, आपण जागे नाही, आपल्याला स्वप्न पडतंय, आणि स्वप्न चांगलं आहे. अशी संस्था या गावात आहे हे आपल्याला आयुष्यभर कुणी सांगितलं कसं नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

वर्कशॉपला कुलूप होतं. शेजारचं दार मात्र सताड उघडं होतं. वर पाटी होती, 'विद्यार्थी साहाय्य केंद्र'. साहेब चौकशीला म्हणून आत शिरले.

आता या केंद्राची एक पद्धत होती. अडचणीतला विद्यार्थी आधीच बिचकलेला असतो, म्हणून त्याला नाव-गाव, वर्ग, ओळखपत्र काही विचारायचं नाही. दारातून आत आला तो आपला. आधी बसवायचं, गरम काहीतरी प्यायला द्यायचं आणि तो बोलेल ते ऐकायचं. कॉलेजात अर्धे विद्यार्थी पन्नाशीच्या पुढचे, तेव्हा साहेबांच्या टकलाकडे बघून कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

समुपदेशक बाईंनी त्यांना बसवलं, सूपचा कप हातात दिला आणि इतक्या मायेने "काय झालं?" विचारलं, की साहेब मनातलं बोलूनच गेले.

"झोप नाही हो," ते म्हणाले. "घरात बसायला जागा नाही."

"घरी कोण असतं?"

"दिवसभर कोणी नाही. बायको जाते."

"जाते... आणि?"

"जाताना खुर्ची घेऊन गेली."

बाईंनी डोळे मिटून उघडले. "बाकीचं सामान?"

"सगळं उसवून ठेवलंय."

"तुम्ही तिला अडवलं नाहीत?"

"मीच म्हटलं ना, घेऊन जा!"

बाईंनी साहेबांच्या हातातला कप हळूच काढून घेतला आणि त्यांना आतल्या शांत खोलीत नेलं. तिथे मंद पिवळा दिवा होता, जाड पडदे होते, भिंतीलगत बैठे कोच होते आणि कुठूनतरी पाणी वाहिल्याचा बारीक आवाज येत होता. (पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला असा आवाज आला की काही गळतंय का बघायला उठावंसं वाटतं. साहेब उठले नाहीत. एवढे ते दमले होते.) बाईंनी अंगावर मऊ पांघरूण घातलं आणि साहेब विरघळले.

त्यानंतर ते रोज जायला लागले. बायको पुढच्या फाटकातून वर्कशॉपला, साहेब मागच्या फाटकातून केंद्रात. शांत खोलीत त्यांना सुंदर स्वप्नं पडत. एकदा त्यांची खुर्ची हिरवळीवरून हळूहळू चालत आली आणि त्यांच्या पायाशी गाईसारखी बसली. उठल्यावर बाई विचारत, "आज कसं वाटतंय?" हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना पाणी तुंबल्याशिवाय कुणी विचारला नव्हता. साहेब चार गोष्टी बोलत. त्यातल्या तीन बायकोबद्दल असत. खोटं एकही नव्हतं. फक्त अर्धं झोपेत सांगितलेलं होतं.

बाईंनी गुप्तपणा कसोशीने पाळला. अपहोल्स्ट्रीच्या मास्तरांना त्या इतकंच म्हणाल्या, की एका प्रौढ विद्यार्थ्याला घरी बसायला खुर्ची नाही, काही करता येईल का? मास्तरांनी ते कँटीनमध्ये सांगितलं. तिथून ती गोष्ट वर्गात पोचेपर्यंत तिने चांगलंच बाळसं धरलं.

"अहो, ऐकलंत का," त्या संध्याकाळी बायको जेवताना म्हणाली. (दोघं उलट्या खोक्यांवर बसून जेवत होती.) "आमच्या कॉलेजात एक बिचारा आहे. बायको घर धुऊन घेऊन गेली त्याचं. पडदेसुद्धा ठेवले नाहीत. बाई म्हणावी की दरोडेखोर?"

साहेबांनी घास खाली ठेवला. "पडदे? पडदे नाही नेले."

"तुम्हाला काय माहीत?"

"नाही, म्हणजे... पडदे कशाला नेईल कोणी."

"अशा बायका काहीही नेतात. रडतो म्हणे बिचारा. मी ठरवलंय, माझी खुर्ची त्याला द्यायची. पूर्ण झाली आज. मास्तर इतके खूश झाले! म्हणाले, पहिलं काम अडल्यानडल्याच्या उपयोगी पडतंय, याहून काय हवं?"

"कोणती खुर्ची?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तीच हो, जुनी. उद्या नेऊन देणार."

साहेब पाणी प्यायले. प्रसंग मोठा बाका होता. आपली खुर्ची उद्या एका परक्या माणसाला मिळणार होती आणि तो परका माणूस ते स्वतः होते. म्हणजे खुर्ची हवी असेल, तर दरोडेखोर बाईचा नवरा म्हणून त्याच बाईपुढे हात पसरायचे. नको असेल, तर जन्मभर फरशीवर बसायचं. तिसरा मार्ग खरं बोलण्याचा होता. तो त्यांना सकाळी सुचला.

"मॅडम, मला ती खुर्ची नको," सकाळी बाईंपुढे ते घाईघाईने म्हणाले.

"घेणं जड जातं, मला कळतं," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. ती माझीच आहे."

बाईंचा चेहरा उजळला. "शाब्बास! असंच म्हणायचं. ती तुमचीच आहे."

"अहो, खरोखर माझी आहे! आणि ती देणारी आहे ना, ती माझी बायको आहे."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं सुरुवातीला. प्रत्येक बाईत तिचाच चेहरा दिसतो. जाईल हळूहळू."

साहेब पुढे काही बोलणार तोच बाहेर जड काहीतरी टेकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओळखीचा आवाज, "मास्तर, दाराला घासू नका हं, कापड ओरखडेल." साहेबांनी मागेपुढे पाहिलं नाही. शांत खोलीत उडी मारली, बूट काढून कोचाखाली सारले, कोचावर आडवे झाले आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. डोक्यावर घेतलं तेवढं ते पायावर कमी पडलं.

पावलं आत आली. खुर्ची अलगद जमिनीवर टेकली.

"झोपलाय वाटतं," मास्तर कुजबुजले.

"झोपू द्या बिचाऱ्याला," बायको म्हणाली. तिच्या आवाजात इतकी कणव होती, की पांघरुणाखाली साहेबांना भरून आलं. या आवाजात ती आपल्याशी शेवटची कधी बोलली होती? की बोलत होती आणि आपणच डोळे मिटून होतो? "कसे हाल झालेत बघा. मोज्यांनासुद्धा..."

ती थांबली.

मोज्याच्या टाचेला निळ्या जाड दोऱ्याने रफू केलेलं होतं. तो दोरा खुर्च्या शिवण्याचा होता आणि ते रफू तिच्या हातचं होतं. घरात दुसरा दोराच उरला नव्हता.

खोलीत फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. साहेबांनी श्वास धरून ठेवला. मग कुणीतरी पांघरूण खाली ओढून त्यांचे पाय नीट झाकले.

"मॅडम," बायको अगदी हळू म्हणाली, "खुर्ची दिली. पण माझं एक ऐका. याला स्वयंपाकाच्या वर्गात घाला. सकाळच्या. बायको नसली की माणसाचे पोटाचे हाल होतात."

ती गेल्यावर बऱ्याच वेळाने साहेबांनी डोकं बाहेर काढलं. समोर खुर्ची होती. तीच होती आणि ती नव्हती. गडद हिरवं कापड, कडेने सरळ धावत गेलेली शिवण, कोपऱ्यात कुठे सुरकुती नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. एवढं चांगलं काम आपल्या घरातलं माणूस करतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते बसले. पाठीला जिथे वर्षानुवर्षं टोचत असे, तिथे तिने आठवणीने मऊ भर घातली होती. साहेबांना फार लाज वाटली, आणि त्या लाजेतही छान झोप लागली.

संध्याकाळी कॉलेजच्या गाडीवाल्याने त्यांना खुर्चीसकट घरी सोडलं. बायको दारातच उभी होती.

"ही कुठली हो?"

"त्या माणसाने परत दिली," साहेब खुर्चीच्या आडून म्हणाले.

"का बरं?"

"त्याचं म्हणे बायकोशी जुळलं."

"असं? मग बायकोला विचारलंय का त्याने?"

बायकोने खुर्ची दिवाणखान्यात जागेवर लावून घेतली, पदर सावरला आणि स्वतः तिच्यात बसली. टेकली. पाय लांब केले. "छान जमलीय हो," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने डोळे मिटले. साहेब स्वयंपाकघरात गेले.

ते रोज सकाळी नेमाने स्वयंपाकाच्या वर्गाला जाऊ लागले आणि शिकलेलं रोज संध्याकाळी घरी करून दाखवू लागले. अशाच एका संध्याकाळी साहेब कढईपुढे घाम पुसत उभे असताना बाहेर फोन वाजला. वर्गाच्या अर्जावरून नंबर काढून साहाय्य केंद्रातल्या बाई चौकशी करत होत्या. खुर्चीतून न उठता बायकोने फोन घेतला.

"हो, त्यांचंच घर. मी? मी शेजारीण त्यांची," ती म्हणाली. "नाही, काळजी करू नका, माझं लक्ष असतं. जेवतात हो, स्वतःच्या हाताने करून जेवतात. बायको होय? परत यायचं मनात आहे म्हणे तिच्या. पण एवढ्यात नको म्हणते. बटाटे अजून कच्चेच राहतात त्यांचे."