नागुबाईंचे पिक्चरवाले जावई

"डोळ्याची पट्टी निघाली की पहिला तुमचाच पिक्चर बघणार," असं सासूबाई म्हणाल्या आणि आनंदराजांनी "हाव मामी, बघू की" म्हणून टाकलं. म्हणायला काय जातंय? तो पिक्चर आता कुठल्या टॉकीजला लागत नव्हता की कुठल्या चॅनेलवर येत नव्हता. (त्याचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही 'आम्ही नाही बाबा पाहिला' म्हणाल, आणि उगाच कशाला तुमच्या तोंडून खोटं वदवून घ्यायचं?)

गोष्ट अशी, की आनंदराज लातूरला शिकत असताना तिथे या पिक्चरचं शूटिंग झालं होतं. कॉलेज, वात्रट पोरं, लेडीज हॉस्टेल, असला सगळा मामला. गर्दीत उभी करायला पोरं हवी होती. त्यात पिवळ्या चौकटीच्या शर्टातले आनंदराज घुसले आणि त्यांच्या वाट्याला चक्क एक वाक्य आलं. पुढे किनवटला मुलगी बघायला गेले तेव्हा मध्यस्थाने "पोरानं पिक्चरात काम केलंय" एवढंच सांगितलं, आणि नागुबाईंनी तिथल्या तिथे सोयरीक पक्की केली.

किनवटला तो पिक्चर कधी आलाच नाही. त्यामुळे नागुबाईंनी तो न बघताच गावभर सांगितला, आणि न बघितलेला पिक्चर सांगताना माणसाला कसली आडकाठी नसते. तेव्हापासून सासुरवाडीला आनंदराज म्हणजे 'पिक्चरवाले जावई'. थोरले साडू प्रेमराव इंजिनिअर, पण ते सतरंजीवर बसत आणि हाताची खुर्ची आनंदराजांना मिळे. मटणातली नळीसुद्धा आधी यांच्या ताटात पडे. नांदेडच्या हापिसात ज्या क्लार्कला पाण्याचा ग्लास दोनदा मागावा लागतो, त्याला ही खुर्ची किती प्यारी असेल ते तुम्हीच समजून घ्या.

नागुबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं आणि त्या लेकीकडेच, म्हणजे लुंबिनीकडे राहिल्या. डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली त्या रविवारी सकाळी आनंदराजांची मुलगी धम्मप्रिया (वकिलीच्या शेवटच्या वर्षाला) मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पप्पा, सापडला की तुमचा पिक्चर. कुणीतरी पूर्ण टाकलाय."

आनंदराज आधी खूशच झाले. मग म्हणाले, "थांब, प्रिंट कशी हाय ते मी आधी बघून घेतो." आणि टाकी बघायच्या निमित्ताने कानात इअरफोन घालून गच्चीवर गेले.

त्यांच्या आठवणीत तो पिक्चर म्हणजे पोट धरून हसणं आणि शिट्ट्या. गच्चीवर मात्र पहिल्या तासाभरातच त्यांना घाम फुटला. हिरो आणि त्याचे दोस्त लेडीज हॉस्टेलच्या न्हाणीघराला भोक पाडत होते. फळ्यावर लिहिणाऱ्या पोरीच्या पाठीकडे बघून प्रोफेसरच जीभ चाटत होते. हिरोईन तीन गाणी 'नाही' म्हणत होती आणि चौथ्या गाण्यात, काहीही कारण नसताना, हिरोच्या गळ्यात पडत होती. दर विनोदाला आनंदराज मागे वळून बघत, आणि मागे गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांशिवाय कुणी नव्हतं. असल्या पिक्चरवर आपण शिट्ट्या मारल्या? आपली धम्मप्रिया पाच वर्षं हॉस्टेलला राहिली आहे. आनंदराजांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. आणि त्या लाजेच्या मागोमाग ती हाताची खुर्ची डोळ्यांसमोर आली. मामींनी हे बघितलं तर संपलंच. स्वतःचा सीन यायच्या आधीच त्यांनी मोबाइल बंद केला.

खाली येऊन ते म्हणाले, "प्रिंट लई खराब हाय. राहू द्या."

"चालतंय की," नागुबाई म्हणाल्या. "नवा डोळा हाय. खराबातलं बी दिसतंय."

मग टीव्ही चालेना. म्हणजे आनंदराजांनी वायफायच्या डब्याची पिन काढून ठेवली होती. धम्मप्रियाने स्वतःच्या मोबाइलचं नेट टीव्हीला जोडून दिलं. मग आनंदराजांना सासूबाईंच्या डोळ्याची काळजी वाटू लागली.

"अहो, तुम्ही कामून एवढे घाबरून राहिले?" लुंबिनी म्हणाली. "आईनं शेजारच्या गुणाबाईलाबी बोलावलंय. आता गप बसा."

गुणाबाई आल्या, शेंगदाण्याची ताटली घेऊन आल्या. पिक्चर सुरू झाला. आनंदराज स्वयंपाकघराच्या दारात, पळायला बरं पडेल अशा बेताने उभे राहिले.

न्हाणीघराचं भोक आलं. लुंबिनीने नवऱ्याकडे बघितलं. प्रोफेसर आले. धम्मप्रियाने हाताची घडी घातली आणि ती सोडलीच नाही. गुणाबाईंचे शेंगदाणे थांबले. एकट्या नागुबाई तेवढ्या मन लावून बघत होत्या.

तिसऱ्या गाण्याला त्या म्हणाल्या, "ती पोरगी मघापासून न्हाई म्हणून राहिली. या पोराला ऐकू येत न्हाई का?"

"हिरो हाय तो, आज्जी," धम्मप्रिया म्हणाली.

"मग त्याच्या कानाचं आपरेशन करा म्हणावं."

आनंदराज आत गेले आणि चहाचं आधण ठेवून गॅसपाशी डोळे मिटून उभे राहिले. चौथ्या गाण्यानंतर टेलिस्कोपचा सीन येणार होता. पाच पोरं हॉस्टेलच्या कुंपणापाशी, हातात एकच टेलिस्कोप, आणि त्यातला पाचवा पोरगा म्हणजे आपण. आता मामी हाक मारतील, आता मारतील. आधण उकळून निम्मं झालं तरी हाक आली नाही. शेवटी आनंदराजच दारात आले.

"तुमचा सीन कवा हाय, जावई?" नागुबाईंनी विचारलं.

"तो टेलिस्कोपचा... झाला का?"

"झाला की," धम्मप्रिया म्हणाली. "चार पोरं होती. तुम्ही कुठं होतात?"

इथे शहाण्या माणसाने काय करावं? हात जोडावेत, चहा गाळावा आणि 'माझा सीन कापला वाटतं' म्हणून मोकळं व्हावं. आनंदराज आता पुरते सुटले होते; त्यांना पुन्हा अडकवायचं काम फक्त त्यांनाच जमण्यासारखं होतं. आणि नेमकं तेवढ्यात गुणाबाई हळूच लुंबिनीला म्हणाल्या, "असंच म्हणत असतील गं. आमचे हे बी पैलवान होतो म्हणतात."

आनंदराजांनी रिमोट हिसकावला. पिक्चर मागे नेला, थांबवला. आणि त्यांच्या लक्षात आलं. मूळ पिक्चर आडवा, रुंद होता. टाकणाऱ्याने मोबाइलवर मावावा म्हणून दोन्ही कडा कापल्या होत्या, आणि आनंदराज बरोबर कडेला उभे होते. चार पोरं दिसत होती. डाव्या टोकाला पिवळ्या चौकटीच्या बाहीतून आलेला एक कोपर तेवढा दिसत होता.

"हा," आनंदराज टीव्हीला बोट लावून म्हणाले, "हा माझा कोपर."

गुणाबाईंनी पुढे वाकून बघितलं आणि पुन्हा शेंगदाणे हातात घेतले.

"शर्ट बघा ना, पिवळा. लुंबिनी, तू बघितलेला हाय हा शर्ट."

"त्याचं पायपुसणं केलं होतं मी," लुंबिनी म्हणाली. "पण तसले शर्ट सगळ्यांकडंच होते."

"बरं, आवाज ऐका." आनंदराजांनी पिक्चर पुढे सोडला. वाक्य आलं, पण ते मुंबईच्या कुणा भलत्याच माणसाच्या आवाजात. झालं, माणूस पेटला. "तो आवाज नंतर भरलाय. माझा असा होता, थांबा." आणि क्लार्क आनंदराज, वय वर्षं अठ्ठेचाळीस, आपल्या हॉलमध्ये खिडकीचा गज धरून वाकले, एक डोळा मिटला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ए, सरक की, मलाबी बघू दे पोरी." आणि वर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

शिट्टी उत्तम वाजली. खालून जाणारी एक बाई थांबून वर बघू लागली.

धम्मप्रिया उठली आणि तिने टीव्ही बंद केला. "पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही त्यात नव्हतात असंच समजत होतो आम्ही. बरं वाटलं होतं मला. तुम्ही कामून सिद्ध करून राहिलात?"

आनंदराजांनी खिडकीचा गज सोडला. त्यांनी आशेने नागुबाईंकडे बघितलं. नागुबाई नव्या डोळ्याने जावयाला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळत होत्या, जणू आजच पहिल्यांदा बघत होत्या. मग त्या लेकीकडे वळल्या.

"लुंबिनी, तुझ्यासाठी देगलूरच्या तलाठ्याचं बी स्थळ आलं होतं," त्या म्हणाल्या. "तो सगळा दिसायचा."