गौतमराव आज काहीही सांगणार नाहीत

"एक अक्षर नाही," रेणुकाबाई म्हणाल्या.

"एकही नाही," गौतमराव म्हणाले.

"मधाचं नाही. मुंग्यांचं नाही. आपण जे खायलोत ते कुठल्या देशातून आलं, ते तर मुळीच नाही."

"आणि समजा विषय निघाला—"

"निघू द्या. निघून जाईल. तुम्ही त्याच्या मागं धावू नका."

बरकतपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये रविवारची सकाळ अशी शपथविधीनं सुरू झाली. गौतम सोनकांबळे यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात चौकशीच्या खिडकीवर गेली. तिथं लोक विचारायचे आणि हे सांगायचे. निवृत्तीनंतर विचारणारे गेले, सांगणं मात्र राहिलं. कॅलेंडरची मागची बाजू, पेपरच्या कोपऱ्यातली चौकट, भजी बांधून आलेला कागद, जे छापलेलं दिसेल ते त्यांच्या डोक्यात जाऊन बसायचं आणि बाहेर यायला संधी शोधत राहायचं. आपण लोकांना पकवतो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. समोरच्याचे डोळे कसे हळूहळू काचेचे होतात, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. पण शिंक येणार हे कळल्यानं ती थोडीच थांबते?

दोन वर्षांपूर्वी लेकीला, प्रियदर्शिनीला, बघायला निजामाबादहून मंडळी आली होती. मुलाच्या आत्यानं अंजिराची बर्फी तोंडात टाकली, आणि नेमकं त्याच क्षणी गौतमरावांनी सांगितलं, की अंजिराच्या काही जातींमध्ये एक बारीकशी माशी आत शिरते, बाहेर पडता येत नाही म्हणून तिथंच मरते, आणि अंजीर तिला पचवून टाकतं. आत्याबाईंनी बर्फी रुमालात काढली. स्थळही त्याच रुमालातून गेलं.

यावेळी गोष्ट वेगळी होती. प्रज्ञेश प्रियदर्शिनीच्याच ऑफिसातला. पोरांचं ठरलेलं होतं. ठरायचं होतं ते फक्त प्रज्ञेशच्या आईचं. मनकर्णाबाई वाघमारे सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. अख्खा वॉर्ड नुसत्या नजरेनं सरळ करणारी बाई, अशी त्यांची ख्याती. "घर बघते, माणसं बघते, मग सांगते," असं त्यांनी मुलाला बजावलं होतं.

"पप्पा, प्लीज," प्रियदर्शिनी ओढणी नीट करत म्हणाली, "लाइट घ्या आज. नो फॅक्ट्स. नुसतं स्माइल करा."

"हौ," गौतमराव म्हणाले, आणि सराव म्हणून नुसतं स्माइल केलं.

"एवढं नक्को," रेणुकाबाई म्हणाल्या.

पाहुणे दिलसुखनगरहून वेळेवर आले. जयभीम झाला, पाणी झालं, ट्रॅफिकला शिव्या देऊन झाल्या. मनकर्णाबाईंनी घरावर एक नजर फिरवली आणि पडदासुद्धा जरा नीट उभा राहिला. त्यांचे यजमान श्रीपतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, वाळके गृहस्थ. ते सोफ्याच्या टोकाला बसले आणि बायकोकडे बघू लागले. बायकोनं भुवई किंचित उचलली.

श्रीपतराव घसा खाकरून म्हणाले, "उंट."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"उंट जो असतो... तो पाठीवरच्या कुबडात पाणी साठवतो. टाकीसारखं."

गौतमरावांनी गिळलं : पाणी नव्हे. चरबी. कुबडात चरबी असते.

"अरे वा!" रेणुकाबाई म्हणाल्या आणि टीपॉयखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. गौतमरावांनी ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं.

"तुम्हाला लई माहिती दिसायली," रेणुकाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. हे वाक्य त्या या घरात प्रथमच कौतुकानं बोलल्या, आणि तेही दुसऱ्याच्या नवऱ्याला. गौतमरावांच्या छातीत कुठंतरी बारीक कळ आली.

श्रीपतरावांना मात्र धीर आला. "चीनची भिंत," ते म्हणाले, "चंद्रावरून दिसते. नुसत्या डोळ्यानं."

गिळलं : नाही दिसत. चंद्रावरून कोणतीच भिंत दिसत नाही, ना चीनची ना कुणाची. जाऊन आलेल्यांनी स्वतः—

"मी जरा... भज्यांचं बघतो," म्हणून गौतमराव स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडला, डोकं आत घातलं आणि दह्याच्या पातेल्याला हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. चंद्र, अंतर, भिंतीची रुंदी. दह्यानं शांतपणे ऐकून घेतलं. इतका समजूतदार श्रोता त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"काय करायलाव तिथं?" मागून रेणुकाबाईंचा दबका आवाज आला.

"काही नाही. थंडावा."

"ते बघा कसे छान बोलायलेत. आणि तुम्ही फ्रिजमध्ये! गर्विष्ठ समजतील ना. चला बाहेर, बसा, आणि हसा!"

म्हणजे गप्प बसायचं, पण गर्विष्ठासारखं नाही. हसायचं, पण मघासारखं नाही. गौतमराव भज्यांची थाळी घेऊन बाहेर आले. वाटेत त्यांना युक्ती सुचली. आयुष्यातल्या त्यांच्या बहुतेक युक्त्या अशाच वाटेत सुचलेल्या होत्या आणि वाटेतच राहिल्या असत्या तर बरं झालं असतं. युक्ती अशी, की तोंड भरलेलं असलं तर माणूस बोलूच शकत नाही. त्यांनी सर्वांत मोठं मिरची भजं उचललं आणि अख्खंच्या अख्खं डाव्या गालात सारलं. चावायचं नाही, गिळायचंही नाही. बूच लावून ठेवायचं.

"शहामृग," श्रीपतराव सुरू झाले, "संकट आलं की वाळूत डोकं खुपसतं."

गालातलं बूच हललं. मिरचीला बी होतं, आणि ते आता आपलं काम करू लागलं. गौतमरावांच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली. कपाळावर घाम आला. ओठांचा डावा कोपरा भज्याच्या वजनानं खाली झुकला.

"आणि माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहावा हिस्सा वापरतो. बाकीचा नुसताच पडून असतो."

यावर गौतमरावांच्या घशातून एक आवाज निघाला. तो निषेधाचा होता; पण भज्यातून गाळून आल्यामुळे तो कण्हल्यासारखा ऐकू आला.

मनकर्णाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. एवढा वेळ त्या या माणसाकडे होणारा व्याही म्हणून बघत होत्या. आता त्यांची नजर बदलली. त्या उठून समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, हसा बरं."

गौतमरावांनी रेणुकाबाईंकडे बघितलं. हसायची तर आज्ञाच होती. ते हसले. उजवी बाजू हसली, डावीकडे भजं होतं.

"दोन्ही हात वर करा."

उजवा हात वर गेला. डावा रेणुकाबाईंनी सोफ्याच्या आडून घट्ट धरून ठेवला होता, नवऱ्यानं बोलता बोलता हातवारे सुरू करू नयेत म्हणून.

"डावा येत नाही, लकवा दिसायलाय," मनकर्णाबाई मुलाला म्हणाल्या. आवाज एकदम थंड झाला होता. "भाऊ, घाबरू नका. मला एक वाक्य म्हणून दाखवा. कोणतंही. मनात येईल ते."

मनात येईल ते! गौतमरावांना अशी मुभा आयुष्यात कुणी दिली नव्हती. आणि इथं प्रश्न तब्येतीचा होता, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्यांनी डोळे मिटले, भजं गिळलं.

गिळता आलं नाही : "उंटाच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते, आणि शहामृग डोकं वाळूत खुपसत नाही, ते घरट्यातली अंडी फिरवायला मान खाली घालतं, लांबून बघणाऱ्याला तसं वाटतं, आणि मेंदू आपण सगळाच वापरतो!"

मनकर्णाबाईंनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघून ठेवली.

"असंबद्ध बोलायलेत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "प्रज्ञेश, गाडी काढ."

"आंटी, नाही नाही," प्रियदर्शिनी मध्ये पडली, "पप्पा नॉर्मली पण असेच बोलतात!"

"आधीपासून? मग तर आणखी सीरियस."

रेणुकाबाई खरं सांगायला पुढं झाल्या. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आमच्या यांना काही झालेलं नाही, हे फक्त बोअर आहेत, आणि तुमच्यापासून ते लपवायला मी त्यांना बांधून ठेवलं होतं? त्यापेक्षा आजारी नवरा बरा. त्यांनी मुकाट्यानं चप्पल घातली.

लिफ्टमध्ये गौतमराव म्हणाले, "मला काही झालेलं नाही." "असंच म्हणतात सगळे," मनकर्णाबाई म्हणाल्या. गाडीत ते म्हणाले, "तोंडात भजं होतं हो." मनकर्णाबाईंनी रेणुकाबाईंकडे वळून हळूच विचारलं, "भज्याचं कधीपासून म्हणायलेत?"

विद्यानगरच्या त्या नर्सिंग होममध्ये एका तरुण डॉक्टरनं हिंदीत विचारलं, "अंकल, आज कौनसा वार है?"

"रविवार," गौतमराव म्हणाले, आणि राहवलं नाही म्हणून वारांची नावं ग्रहांवरून कशी पडली तेही सांगितलं. डॉक्टरनं त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. मग मनकर्णाबाईंकडे बघितलं. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की त्यानं लगेच स्कॅन लिहून दिला.

बायका काउंटरवर गेल्या, पोरं गाडी नीट लावायला गेली, आणि बाहेरच्या बाकावर दोघे होणारे व्याही उरले. पंखा गरगरत होता.

श्रीपतराव पुटपुटले, "उंटाचं खरंच चूक होतं?"

"चूक."

"चीनची भिंत?"

"तीही."

"शहामृग तर तुम्ही सांगितलंच. मग बरोबर काय होतं?"

गौतमरावांनी मनापासून आठवून बघितलं. "वाघमारे आडनाव सांगितलंत, ते."

श्रीपतराव हसले नाहीत. उलट सुटल्यासारखे मागं टेकले. "साहेब, मी बोलणारा माणूसच नाही. काचिगुड्याला रात्रपाळीत जन्म गेला. बोलायचं कुणाशी? सिग्नलशी? पण ही म्हणाली, सोयरे काय म्हणतील, मुका सासरा म्हणतील. चार गोष्टी बोला तिथं. मला गोष्टी कुठून येणार? येताना गाडीत फोनवर बघितल्या आणि पाठ केल्या. गोल्डफिशची एक राहिलीय."

"तिला तीन सेकंदच आठवतं, ती?"

"तीच."

"तीही चूक आहे."

"बरं झालं मग, राहिली ते."

गौतमरावांना त्या वाळक्या माणसाबद्दल एकदम माया दाटून आली. सबंध सकाळ ते ज्याच्यावर मनात जळत होते, तो बिचारा बोलायला लावलेला निघाला, आणि हे गप्प बसवलेले. "मला हिनं बोलायला बंदी केली होती," ते म्हणाले. "एक अक्षरसुद्धा."

"खरं? मग सांगा की आता काहीतरी. मला ऐकायला आवडतं. फक्त बोलायला नक्को म्हणा."

गौतमरावांनी इकडे तिकडे बघितलं. कॉरिडॉर रिकामा होता.

सांगितलं : "डॉल्फिन असतो ना, तो अर्ध्या मेंदूनं झोपतो. एक बाजू झोपली की दुसरी जागी, पहाऱ्याला. मग पाळी बदलते."

"मी पण तसाच झोपायचो ड्युटीवर," श्रीपतराव म्हणाले. त्यांची मान बाकाच्या पाठीवर टेकली. "मग?"

"मग काय, एक डोळाही उघडाच असतो त्याचा. आणि पाकोळी पक्ष्याच्या काही जाती तर महिनेच्या महिने खाली उतरतच नाहीत..."

पुढं काही प्रश्न आला नाही. गौतमरावांनी बाजूला बघितलं. समोरच्याचे डोळे काचेचे होताना त्यांनी पुष्कळ बघितले होते. हे सरळ मिटलेलेच होते. तोंड उघडं, मान कलंडलेली, आणि एक संथ, भरघोस घोरणं. अपमान वाटून घ्यावा की नाही, हे ठरवत ते बसले असतानाच एक पिकल्या मिशांचा अटेंडंट चाकाची खुर्ची ढकलत आला.

"पेशंट कौन है जी?" असं विचारून त्यानं दोघांकडे बघितलं. एक चांगला ताठ बसलेला, दुसऱ्यानं मान टाकलेली. उत्तराची वाट न बघता त्यानं श्रीपतरावांच्या काखेत हात घातला.

"हात नका लावू!"

काउंटरवरून मनकर्णाबाई जवळजवळ धावत आल्या. पण त्या ओरडल्या त्याही कुजबुजीत. नवऱ्यासमोर वाकून त्यांनी त्यांचा श्वास बघितला, नाडी बघितली, पापणीकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा इतका मऊ झाला, की गाडी लावून प्रियदर्शिनीबरोबर परतलेल्या प्रज्ञेशनं गोंधळून विचारलं, "आई, काय झालं पप्पांना?"

"झोपलेत," त्या म्हणाल्या आणि मागून आलेल्या रेणुकाबाईंकडे वळल्या. "ताई, रिटायर झाल्यापासून हा माणूस असा झोपला नाही. दिवसा नाही, रात्री नाही. गोळ्या झाल्या, तेल झालं, विपश्यनेला पाठवलं. तिथं बाकीचे पेंगायलेत अन् हेच टक्क जागे! भाऊ, काय दिलंत तुम्ही यांना?"

"मी काही नाही दिलं," गौतमराव घाबरून म्हणाले. "जरा डॉल्फिनचं सांगत होतो." आणि ते पटकन गप्प झाले.

शांतता होताच श्रीपतरावांचं घोरणं अडखळलं. पापणी हलली.

"अहो," रेणुकाबाई दातओठ खात म्हणाल्या, "गप काय बसलाव? सांगा ना पुढं!"

"हौ, थांबू नका भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आणि ताई, बाकीचं मागून बोलू, आधी मला एक सांगा. भाऊ रोज दुपारी मोकळे असतात का?"

"रोज," रेणुकाबाई म्हणाल्या. "लागेल तेवढे न्या."

"आंटी," प्रियदर्शिनीनं चाचरत विचारलं, "म्हणजे... यस?"

"हौ ग, यस. आता हळू बोल."

गौतमरावांनी बाकावर मांडी नीट जमवली. आपल्या कुठल्या विषयानं माणसं किती लवकर पेंगतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सर्वांत जालीम विषय ते घरातसुद्धा जपून काढायचे. तो त्यांनी आता काढला.

"लीप वर्ष," ते हळू आवाजात म्हणाले, "का येतं, ते अगदी सुरुवातीपासून सांगतो."

श्रीपतरावांचं घोरणं पुन्हा लयीत आलं. आतून कुणीतरी "सोनकांबळे! स्कॅन!" असा पुकारा केला, कुणी हललं नाही. चाकाची खुर्ची रिकामी होती. अटेंडंटनं जांभई दिली, ब्रेक लावला, आणि तिच्यात बसून घेतलं.